झोपाळू सेन्सर आणि जागा फोन: कमी विजेच्या वायरलेस सेन्सर नेटवर्कला मोबाइल कसा जोडायचा

बॅटरीवर चालणारे पाच-पंचवीस सेन्सर बसवून झाले, त्यांचं आपापसातलं जाळं नीट चालू लागलं, की पुढची मागणी ठरलेली असते: हे सगळं मोबाइलवर दिसायला हवं. इथे बहुतेक जण थेट ॲप लिहायला बसतात. खरं तर ॲप हा या कामातला सोपा भाग. फोन आणि सेन्सर यांचे रेडिओ वेगळे आणि त्यांच्या जागं राहण्याच्या वेळाही वेगळ्या. खरी मेहनत तिथे लागते.

आधी रेडिओचं. झिग्बी, थ्रेड, कॉन्टिकी-एनजी या सेन्सरांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं सिक्सलोपॅन ही सेन्सर-जाळ्यांची सगळी मंडळी आयईईई ८०२.१५.४ या मानकावर उभी आहेत. २००३ साली आलेलं हे मानक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला २५० किलोबिट एवढाच वेग देतं, आणि सेन्सरला तेवढा पुरतो. फोनमध्ये वायफाय, ब्लूटूथ, बऱ्याचदा एनएफसी आणि सिमचा रेडिओ असतो, ८०२.१५.४ सहसा नसतो. आयफोन १५ प्रोपासून काही फोनांत थ्रेडचा रेडिओ आला आहे, पण तुमच्या ॲपने त्यावरून हवे ते फ्रेम (रेडिओवरची माहितीची पाकिटं) सोडावेत अशी मोकळीक तिथे नाही. म्हणजे मध्यस्थ लागणार.

आता झोपेचा हिशेब. सीआर२०३२ या बटन सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. नोड, म्हणजे जाळ्यातलं एक यंत्र, झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेत असेल तर कागदावर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. त्याच नोडचा रिसीव्हर ६ मिलिअँपिअरवर सतत चालू ठेवला तर सेल ३७ तासांच्या आत संपतो. यात नोडने एक बाइटही पाठवलेला नाही, तो नुसता ऐकत बसला होता. कमी विजेच्या रेडिओत ऐकणं साधारण बोलण्याइतकंच महाग पडतं. फोनवरून ‘आत्ताचं तापमान सांग’ अशी हाक मारायची तर पलीकडे कोणीतरी ऐकत बसलेलं हवं. ते कोणीतरी सेन्सर असता कामा नये. पुढची प्रत्येक पायरी याच अटीवर बेतलेली आहे.

पहिली पायरी: वाट निवडणं

वाटा चार आहेत. पहिली, गेटवेची: एक सतत वीज मिळणारं यंत्र, त्याला ८०२.१५.४चा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ), दुसऱ्या बाजूला वायफाय किंवा इथरनेट. फोन बोलतो तो या यंत्राशी. दुसरी, थेट ब्लूटूथ लो एनर्जी: सेन्सरमध्येच ब्लूटूथ, फोन जवळ गेला की जोडणी. तिसरी, दोन्ही येणारा नोड. एनआरएफ५२८४० सारख्या चिपमध्ये एकच रेडिओ आळीपाळीने ८०२.१५.४ आणि ब्लूटूथ दोन्ही सांभाळतो, त्यामुळे जाळ्यातला एखादा वीजजोडणीवरचा नोड जवळच्या फोनसाठी दार बनू शकतो. चौथी, डोंगल थेट फोनच्या यूएसबीला लावणं.

निवड कशावर करायची? फोन जाळ्याजवळ नसतानाही आकडे दिसायला हवेत का, एवढा एकच प्रश्न विचारा. हो असेल तर गेटवेला पर्याय नाही. नाही असेल, माणूस फेरी मारताना आकडे गोळा करणार असेल, तर गेटवेचा खटाटोप कशाला? थेट ब्लूटूथ पुरे. तिसरी वाट दिसायला देखणी आहे, पण एकच रेडिओ दोघांत वाटला जातो हे विसरू नये. फोन भराभर ब्लूटूथवर बोलत असताना ८०२.१५.४चे काही फ्रेम हुकतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. बसवताना, तपासताना उपयोगाची. रोजच्या वाहतुकीसाठी मी ती निवडणार नाही.

लोरावॅन, म्हणजे लांब पल्ल्याचं कमी विजेचं जाळं, असेल तर हा प्रश्नच उरत नाही. फोन लोराच्या रेडिओपर्यंत पोचतच नाही. नेटवर्क सर्व्हरकडून एमक्यूटीटी या निरोप पोचवण्याच्या पद्धतीने आकडे घ्यायचे. आज्ञा पाठवताना मात्र क्लास ए समजून घ्या: असा नोड स्वतः काही पाठवल्यानंतर नेहमीच्या मांडणीत १ आणि २ सेकंदांनी दोन छोट्या खिडक्या उघडतो, बाकी वेळ बहिरा असतो. फोनवरची आज्ञा त्याच्या पुढच्या निरोपापर्यंत थांबणार.

दुसरी पायरी: गेटवे उभा करणं

उदाहरणासाठी थ्रेड घेऊ, कारण त्यात प्रत्येक नोडला आयपीव्ही६ पत्ता असतो आणि साधनं मोफत मिळतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ओपनथ्रेडचा बॉर्डर राउटर, म्हणजे जाळं आणि वायफाय यांना जोडणारा प्रोग्रॅम, बसवा. एनआरएफ५२८४०च्या डोंगलमध्ये आरसीपी नावाचं फर्मवेअर भरा. म्हणजे डोंगल फक्त रेडिओचं काम करतो आणि नेटवर्कची सगळी अक्कल पायवर राहते.

डोंगल पायच्या अंगाला चिकटवून लावू नका. यूएसबी ३च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, पायचा स्वतःचा वायफायही तिथेच असतो. अर्धा-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर हा या क्षेत्रातला सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि सर्वात जास्त दुर्लक्षित.

मग चॅनल. ८०२.१५.४ला या पट्ट्यात ११ ते २६ असे सोळा चॅनल आहेत, एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर. वायफाय नेहमीच्या १, ६, ११ या चॅनलांवर चालत असेल तर १५ आणि २० हे चॅनल त्यांच्या फटींत पडतात, २५ आणि २६ त्यांच्या पलीकडे. २६वर काही उपकरणं कमी ताकदीने पाठवतात किंवा तो वापरतच नाहीत, म्हणून २५ पासून सुरुवात करा. पुढे फोन गेटवेशी वायफायनेच बोलणार आहे. वायफाय आणि सेन्सर एकाच जागी भांडत राहिले तर फोन जोडल्यावर सेन्सर गळतात असा चमत्कारिक दोष दिसतो आणि त्याचं खापर ॲपवर फुटतं.

नेटवर्क तयार करताना नाव, पॅन आयडी, विस्तारित पॅन आयडी (हे दोन जाळ्याचे ओळखक्रमांक) आणि १२८ बिटांची नेटवर्क की, म्हणजे जाळ्याची गुप्त चावी, लागते. उदाहरणातल्या सूचनांमध्ये छापलेली की तशीच ठेवण्याचा मोह टाळा. ती सगळ्या जगाला पाठ आहे. नवीन नोड जाळ्यात घेण्यासाठी थ्रेडमध्ये फोनचा छान उपयोग होतो. फोन वायफायवरून बॉर्डर राउटर शोधतो, पासफ्रेज देऊन कमिशनर (नव्यांना प्रवेश देणारा) बनतो, नव्या नोडवरचा क्यूआर कोड वाचतो, आणि बॉर्डर राउटरमार्फत त्या नोडला आत घेतो. फोनमध्ये ८०२.१५.४ नसूनही हे जमतं, कारण रेडिओचं काम जाळ्यातलेच नोड करतात.

कॉन्टिकी-एनजी वापरणाऱ्यांनी बॉर्डर राउटरच्या जागी आरपीएल (तिथली मार्ग शोधण्याची पद्धत) बॉर्डर राउटर आणि यूएसबीवर स्लिप (सीरियल वायरीवरून पॅकेट पाठवण्याची रीत) असं समजावं. हार्डवेअर हातात नसेल तर कूजा सिम्युलेटरमध्ये अख्खं जाळं उभारून त्यातल्या बॉर्डर राउटरला खरा फोन जोडून पाहता येतो. या कामाची सवय व्हायला ती सर्वात बिनखर्ची जागा.

तिसरी पायरी: निरोप लहान करणं

८०२.१५.४चा एक फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटांचा. शीर्षक आणि सुरक्षा यांचे बाइट वजा जाता सर्वात वाईट परिस्थितीत ८१ उरतात. आयपीव्ही६चं शीर्षक ४०चं, त्यावरच्या यूडीपी या साध्या वाहतूक पद्धतीचं ८; शिल्लक ३३ बाइट. सिक्सलोपॅनचं काम हेच, की ही शीर्षकं दाबून थोड्या बाइटांत बसवायची आणि मोठं पॅकेट आलंच तर त्याचे तुकडे करायचे. तुकड्यांतला एक हरवला की सगळं पॅकेट वाया जातं, म्हणून तुकडे होऊच नयेत असा निरोप लिहावा.

तापमान आणि आर्द्रता या दोन आकड्यांचं साधं जेसन (माहिती मजकुरात लिहिण्याची रीत), नावं इंग्रजीत पूर्ण लिहिली तर, चाळीसेक बाइट खातं. तेच दोन आकडे शंभराने गुणून १६ बिटांच्या पूर्णांकांत टाकले की चार बाइट. वर अनुक्रमांकाचे दोन आणि बॅटरीच्या व्होल्टेजचा एक, झाले सात. फोनसाठी जेसन हवंच असेल तर ते गेटवेवर बनवा, तिथे विजेची ददात नाही. मधला मार्ग हवा असेल तर सीबॉर, जेसनचं बायनरी भावंड, आहे.

चौथी पायरी: फोनची हाक आणि सेन्सरची झोप

थ्रेडमधला बॅटरीवरचा नोड ‘स्लीपी एंड डिव्हाइस’ असतो. त्याचा एक पालक नोड ठरलेला असतो. झोपलेल्या नोडच्या नावाने आलेलं पॅकेट पालक सांभाळून ठेवतो, आपण घरी नसताना शेजारी आपलं कुरियर ठेवून घेतात तसं. नोड मधूनमधून जागा होतो, पालकाला विचारतो, काही असेल तर घेतो, पुन्हा झोपतो. हे विचारणं किती वेळाने करायचं ते तुम्ही ठरवता.

समजा, दर १२० सेकंदांनी. आता कोणीतरी हौसेने फोनवर कोॲपचं (छोट्या यंत्रांसाठीच्या, एचटीटीपीसारख्या हलक्या पद्धतीचं) क्लायंट ॲप घालतं आणि सेन्सरच्या पत्त्यावर थेट विनंती सोडतं. आरएफसी ७२५२ या कोॲपच्या मानकाप्रमाणे पोच हवी असलेल्या विनंतीला क्लायंट आधी २ ते ३ सेकंद थांबतो, मग पुन्हा पाठवतो, दर वेळी थांबण्याची वेळ दुप्पट करतो, आणि असं चार वेळा करतो. म्हणजे जास्तीत जास्त ४५ सेकंदांत एकाच प्रश्नाच्या पाच प्रती पालकाकडे जाऊन पडतात. सेन्सर जागा होतो तेव्हा त्याला त्या पाचही उपसाव्या लागतात. संदेश क्रमांक एकच असल्याने चार फेकून दिल्या जातात, पण त्या ऐकण्यात गेलेली वीज परत येत नाही. शिवाय क्लायंट ६२ ते ९३ सेकंदांच्या दरम्यान कधीतरी आशा सोडतो. परिणाम: कधी उत्तर येतं, कधी नाही, आणि वापरणारा वैतागून पुन्हा बटण दाबतो. त्यासोबत आणखी पाच प्रती.

म्हणून दिशा उलटी करा. सेन्सरने स्वतःच्या वेळेला उठून आकडा गेटवेकडे ढकलावा. गेटवेने शेवटचा आकडा साठवावा. फोनने तो साठा वाचावा. फोनवर आकडा लगेच दिसतो, सेन्सरला पत्ताही लागत नाही की कोणी पाहिलं, आणि एक फोन जोडा की शंभर, बॅटरीवर काडीचा फरक पडत नाही.

आज्ञांचंही तसंच. ‘मोजमापाचं अंतर पाच मिनिटं कर’ ही आज्ञा फोनने गेटवेला द्यावी, गेटवेने ती रांगेत ठेवावी, आणि सेन्सरचा पुढचा निरोप आला की त्याच्या पोचीसोबत पाठवून द्यावी. ॲपमध्ये मात्र प्रामाणिक राहा. बटण दाबताच हिरवी खूण दाखवू नका. ‘पाठवायची आहे’, ‘सेन्सरला मिळाली’, ‘लागू झाली’ अशा तीन अवस्था दाखवा. रांगेत त्याच प्रकारची नवी आज्ञा आली तर जुनी काढून टाका, नाहीतर सेन्सर जागा झाल्यावर दिवसभरातल्या सगळ्या लहरी एकामागून एक पाळत बसेल.

खरोखर तत्काळ प्रतिसाद हवा असेल, उदाहरणार्थ कुलूप किंवा झडप, तर तो नोड बॅटरीवर झोपणाऱ्यांच्या यादीतून काढा आणि त्याला वीजजोडणी द्या. तेही शक्य नसेल तर थ्रेड १.२मध्ये आलेली सीएसएल पद्धत पाहा. त्यात नोड आणि पालक ठरलेल्या क्षणी भेटतात, त्यामुळे विचारपूस न करता छोट्या अंतराने ऐकता येतं.

पाचवी पायरी: गेटवे ते फोन

या टप्प्यावर मी एमक्यूटीटीला झुकतं माप देतो. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी तो बनवला, तोही महागड्या आणि तुटक जोडण्या गृहीत धरून. फोनची जोडणी अशीच असते. मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन वाटणारा मध्यस्थ, रास्पबेरी पायवर आरामात चालतो. सेन्सरकडून यूडीपीवर आलेले सात बाइट एका छोट्या प्रोग्रॅमने उलगडायचे आणि ब्रोकरवर त्या सेन्सरच्या विषयाखाली ‘रिटेन’ (जपून ठेव) अशी खूण लावून टाकायचे. नवा फोन जोडला की ब्रोकर शेवटचा आकडा लगेच हातात देतो. वर जो साठा म्हटला तो असा फुकट मिळतो.

यात दोन खाचखळगे आहेत. रिटेन केलेला आकडा किती जुना आहे हे ब्रोकर सांगत नाही. तीन दिवसांपूर्वी मेलेल्या सेन्सरचं तापमानही तो ताज्या भाजीसारखं पुढे करतो. म्हणून निरोपातच वेळ घाला. ती गेटवेने घालावी, कारण सेन्सरला बहुधा घड्याळ नसतं. दुसरा खळगा जास्त फसवा. एमक्यूटीटीत ‘लास्ट विल’ म्हणून सोय आहे, जोडणी तुटली की ब्रोकर ठरवलेला निरोप प्रसिद्ध करतो. पण ब्रोकरशी जोडणी गेटवेची आहे, सेन्सरची नाही. सेन्सर मेला तरी लास्ट विल हलत नाही. जिवंतपणा गेटवेनेच मोजावा: ठरलेल्या अंतराच्या तिप्पट वेळ निरोप आला नाही की तो सेन्सर ‘गप्प’ म्हणून जाहीर करायचा.

फोनवरून थेट सेन्सरच्या आयपीव्ही६ पत्त्याला पिंग करून पाहायचंय? तपासणीसाठी जरूर करा. बॉर्डर राउटर वायफायवर जाहिरात करतो की या उपसर्गाकडे (जाळ्यातल्या पत्त्यांच्या सुरुवातीच्या भागाकडे) जाणारा रस्ता माझ्यातून आहे; नवे अँड्रॉइड फोन ती जाहिरात मानतात. लिनक्स लॅपटॉपवर मात्र राउटर जाहिरातीतली मार्गमाहिती स्वीकारण्याची सेटिंग अनेकदा हाताने ६४पर्यंत वाढवावी लागते, नाहीतर फोनवरून पिंग जातो आणि लॅपटॉपवरून नाही असं कोडं पडतं.

सहावी पायरी: फोनच्या खोड्या

गेटवे शोधायला एमडीएनएस (स्थानिक नेटवर्कवर नावाने यंत्र शोधण्याची पद्धत) वापराल. अँड्रॉइडवर वीज वाचवण्यासाठी वायफायचे मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना उद्देशून सोडलेले, पॅकेट गाळले जातात. स्वतःचं एमडीएनएस लिहिलं असेल तर मल्टिकास्ट लॉक घ्यावं लागतं. आयओएस १४ पासून स्थानिक नेटवर्कसाठी वेगळी परवानगी लागते आणि शोधायच्या सेवांची नावं ॲपच्या माहितीफाइलमध्ये आधी लिहून ठेवावी लागतात. राउटरवर ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल, पाहुण्यांच्या वायफायवर ते बऱ्याचदा असतं, तर फोन आणि गेटवे एकाच वायफायवर असूनही एकमेकांना दिसत नाहीत.

गेटवेने स्वतःचंच वायफाय काढलं असेल आणि त्यावर इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड जोडणी ठेवतो, पण ॲपची वाहतूक गुपचूप मोबाइल डेटावर वळवतो. पडद्यावर वायफायची खूण, आणि गेटवे मात्र सापडत नाही! उपाय असा की ॲपने ते वायफाय नेटवर्क स्वतः मागून घ्यावं आणि आपली प्रक्रिया त्याच नेटवर्कला बांधावी. याशिवाय अँड्रॉइड ९ पासून साधं, टीएलएस (कूटबद्धता) नसलेलं एचटीटीपी मुळातच बंद असतं. स्थानिक गेटवेचं वेबपान ब्राउझरमध्ये उघडतं आणि ॲपमध्ये उघडत नाही, ते त्यामुळे.

ॲप पार्श्वभूमीत गेलं की एमक्यूटीटीची जोडणी टिकेल अशी अपेक्षा सोडून द्या. अँड्रॉइड ६ पासून डोझ ही फोनला झोपवणारी सोय आहे, आयओएस तर त्याआधीपासून कडक. इशारे पोचवायचे असतील तर गेटवेने पुश सूचना सेवेकडे पाठवाव्यात, आणि ॲप उघडल्यावर ब्रोकरकडून साठा घ्यावा. फोनही झोपतो, हे सेन्सरच्या बॅटरीची काळजी करताना नेमकं विसरलं जातं.

थेट ब्लूटूथची वाट

गेटवे नको असेल तर. ब्लूटूथ लो एनर्जी २०१०मध्ये ब्लूटूथ ४.०सोबत आलं, अँड्रॉइडवर ४.३ पासून आहे. यात झोपेचं गणित वेगळ्या पद्धतीने सुटतं: सेन्सर ऐकत बसत नाही, तो मधूनमधून जाहिरात करतो आणि लगेच क्षणभर कान देतो. जाहिराती तीनच चॅनलांवर होतात, ३७, ३८ आणि ३९. दोन जाहिरातींतलं अंतर २० मिलिसेकंद ते १०.२४ सेकंद यांमध्ये कुठेही ठेवता येतं.

पहिला विचार असा करा, की जोडणी लागते का? साध्या जाहिरातीत ३१ बाइट मावतात. आपला निरोप सात बाइटांचा. तो उत्पादक-माहितीच्या रकान्यात घालून प्रसारित केला तर फोनला जोडणी करावीच लागत नाही, आणि एकाच वेळी कितीही फोन तो ऐकू शकतात. तापमानासारख्या, लपवण्याजोगं काही नसलेल्या आकड्यांना हीच रीत उत्तम.

फोन लगेच सापडत नाही ही तक्रार येईल. अँड्रॉइडच्या लो-पॉवर स्कॅनमध्ये फोन साधारण वेळेच्या दहाव्या भागातच ऐकतो. सेन्सर दर सेकंदाला एक जाहिरात करत असेल तर ती कानावर पडायला सरासरी दहा सेकंद लागू शकतात. ॲप समोर उघडं असताना लो-लेटन्सी स्कॅन लावा, फोन सतत ऐकेल. इथे वीज फोनची जाते, जी रात्री परत भरता येते. स्कॅन सारखा चालू-बंद करू नका. अँड्रॉइड ७ पासून ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू केला तर प्रणाली तो मुकाट्याने अडवते, आणि त्रुटीही नीट दाखवत नाही.

नोंदींचा साठा उतरवायचा असेल तर मात्र जोडणी हवी. क्रम असा ठेवा. परवानग्या आधी: अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ स्कॅन आणि ब्लूटूथ कनेक्ट या दोन, त्याआधीच्या आवृत्त्यांत स्थानाची. मग जोडणी, मग एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या बाइटांची मर्यादा) वाढवून मागणं. मूळ एमटीयू २३चा असतो, त्यातले ३ शीर्षकाला जातात, हाती २० बाइट. मग सर्व्हिस (सेन्सर देत असलेल्या माहितीचे गट) शोधणं, मग नोटिफिकेशन (सेन्सरने नवा आकडा आपणहून पाठवणं) चालू करणं. या शेवटच्या पायरीत निम्मे लोक अडकतात. अँड्रॉइडमधलं नोटिफिकेशन लावणारं फंक्शन फक्त फोनला सांगतं. सेन्सरला सांगायला हेक्समध्ये २९०२ क्रमांकाचा डिस्क्रिप्टर (सेटिंगचा रकाना) वेगळा लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर कुठेही त्रुटी न येता सगळं शांत राहतं.

आणि एका वेळी एकच काम. वाचन, लेखन, डिस्क्रिप्टर, एमटीयू, प्रत्येकाचं उत्तर आल्यावरच पुढचं पाठवायचं. अँड्रॉइड रांग लावत नाही, ती तुम्ही लावायची. कुप्रसिद्ध १३३ ही त्रुटी बऱ्याचदा अशा घाईमुळे किंवा जुनी जोडणी नीट ‘क्लोज’ न केल्यामुळे येते. आयओएसवर रांगेचा त्रास कमी, पण सेन्सरचा मॅक पत्ता मिळत नाही. त्याजागी मिळणारा ओळखक्रमांक प्रत्येक फोनवर वेगळा असतो. एकच सेन्सर दोन फोनांवर ओळखायचा असेल तर त्याचा अनुक्रमांक जाहिरातीतच घाला.

आकडे वाचताना बाइटांचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे असतो. प्रमाणित तापमान हे शंभरपट केलेलं, चिन्हासह १६ बिटी: २५३१ म्हणजे २५.३१ अंश. चिन्ह विसरलात तर उणे १ अंश ६५४.३६ दिसेल. थंडी पडेपर्यंत हा दोष लक्षात येत नाही.

साठा उतरवताना प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्या. फोनने ‘१२०० पासून पुढे’ असं मागावं, सेन्सरने पाठवावं, फोनने आपल्याकडे पक्कं लिहून झाल्यावर शेवटचा क्रमांक परत कळवावा, आणि मगच सेन्सरने जागा मोकळी करावी. माणूस मध्येच चालायला लागला, फोन वाजला, ॲप बंद पडलं, तरी पुढच्या भेटीत काम तिथूनच सुरू होतं. काम संपलं की ॲपने जोडणी तोडावी. जोडणी टिकवायचीच असेल तर सेन्सरने लांब अंतराल (दोन भेटींमधला वेळ) आणि लेटन्सी (किती भेटी चुकवता येतील तो आकडा) मागावी: अंतराल १ सेकंद, लेटन्सी ४ असेल तर त्याला दर पाच सेकंदांनी एकदाच हजेरी लावावी लागते. मात्र अशा वेळी देखरेखीची मुदत १० सेकंदांपेक्षा जास्त हवी, नाहीतर निरोगी जोडणीही मेलेली समजली जाईल. ॲपलच्या फोनांवर या आकड्यांवर आणखी मर्यादा आहेत. मागितलेलं मिळालं का ते पाहूनच पुढे जा.

सेन्सर बरेच असतील आणि ब्लूटूथच हवं असेल तर २०१७चं ब्लूटूथ मेश आहे. फोन त्यातल्या प्रॉक्सी नोडशी साध्या जोडणीने बोलतो, आणि झोपाळू नोडसाठी ‘फ्रेंड’ नोड निरोप सांभाळतो. थ्रेडमधला पालक इथे मित्र झाला, एवढंच.

डोंगल फोनलाच लावायचा असेल तर

अँड्रॉइड फोन यूएसबी होस्ट होऊ शकतो. सीरियल डोंगल लावा, ॲपमधून बाइट वाचा, जाळ्याची वाहतूक ऐकण्यासाठी एवढं पुरे. अख्ख्या फोनला जाळ्याच्या आयपीव्ही६शी जोडायचं असेल तर रूट न करता व्हीपीएन सर्व्हिसमधून आभासी इंटरफेस मिळतो. त्यातली पॅकेटं स्लिपमध्ये गुंडाळून डोंगलला द्यायची. फोनची बॅटरी डोंगललाही पुरवावी लागते आणि वायर हलली की सगळं बसतं, त्यामुळे हे दुरुस्तीला गेलेल्या माणसाचं हत्यार म्हणूनच ठेवा.

चाव्या कोणाकडे

नेटवर्क की फोनमधल्या ॲपमध्ये कधीही नको. फोन हरवतो, ॲप उलगडून वाचता येतं, आणि की बदलायची तर प्रत्येक सेन्सरपर्यंत जावं लागतं. फोनला गेटवेचं खातं द्या, वापरणाऱ्यागणिक वेगळं, म्हणजे एकाला काढता येतं. ब्रोकर १८८३ ऐवजी ८८८३ पोर्टवर, टीएलएससह. ब्लूटूथवर ‘जस्ट वर्क्स’ पद्धतीची जोडी मधल्या चोरापासून वाचवत नाही. आज्ञा स्वीकारणाऱ्या सेन्सरला पासकी किंवा एनएफसीने जोडी लावा. गेटवेवरच विश्वास नसेल, म्हणजे तो दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर २०१९च्या ऑस्कोअर या सुरक्षा मानकाने कोॲपचा निरोप टोकापासून टोकापर्यंत बंद राहतो. गेटवे तो पुढे देतो, पण वाचू शकत नाही.

बिघाड शोधताना

सेन्सरकडून फोनकडे या, उलट नको. आधी पालक नोडच्या यादीत सेन्सर दिसतो का. मग गेटवेवर बाइट येतात का. मग ब्रोकरवर निरोप पडतो का, हे गेटवेवरच्या एमक्यूटीटी क्लायंटने पाहा. मग दुसऱ्या एखाद्या तयार एमक्यूटीटी ॲपवर फोनमध्ये दिसतो का. इथवर ठीक असेल तरच तुमच्या ॲपला हात लावा. ब्लूटूथसाठी एनआरएफ कनेक्ट हे ॲप आधी वापरून पाहा. त्यात चालतं आणि तुमच्यात नाही, तर दोष कुठे ते कळलं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ब्लूटूथची एचसीआय नोंद (फोन आणि त्याची ब्लूटूथ चिप यांच्यातला संवाद) चालू करता येते, ती वायरशार्क या वाहतूक पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. ८०२.१५.४साठी एक जादा डोंगल स्निफर (हवेतले फ्रेम टिपणारा) म्हणून बाजूला ठेवा.

शेवटी वीज मोजा, आणि ती फोन जोडलेला असताना मोजा. सेन्सरच्या पुरवठ्यात प्रवाहमापक लावून ॲप बंद असतानाचा आलेख घ्या. मग ॲप उघडा, बटणं दाबा, दोन-तीन फोन जोडा आणि पुन्हा घ्या. साधा मल्टीमीटर इथे चालत नाही, त्याला मायक्रोअँपिअरची झोप आणि मिलिअँपिअरची क्षणिक उसळी दोन्ही नीट पकडता येत नाहीत. गेटवेच्या मांडणीत दोन्ही आलेख सारखे दिसायला हवेत. दुसऱ्यात उसळ्या वाढलेल्या असतील तर ॲपमधली कुठलीतरी विनंती साठ्याला वळसा घालून थेट सेन्सरपर्यंत पोचते आहे. ती गेटवेच्या नोंदींमध्ये सेन्सरच्या पत्त्याने शोधा.